मोजमाप खेळाडूचे, हिशेब मालकांचा

लास व्हेगास येथे मोटारविक्रीच्या धंद्यात नोकरी करणारा एड ओ'बॅनन एके दिवशी मित्राच्या घरी गेला असता मित्राच्या मुलाचा व्हिडिओ-खेळ त्याच्या दृष्टीस पडला. पडद्यावर धावणारा बास्केटबॉलपटू दुसरा तिसरा कोणी नसून तो स्वतःच होता. उंची त्याची, वर्ण त्याचा, डावखुरा हात त्याचा, सदऱ्यावरचा ३१ हा क्रमांकही त्याचाच. १९९५ साली 'यूसीएलए' विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देण्यात ज्याचा सिंहाचा वाटा होता, त्या खेळाडूची प्रतिकृती पडद्यावर उभी होती. नाव तेवढे गाळले होते. नाव घातले असते तर अनुमती मागावी लागली असती, आणि अनुमतीच्या पाठोपाठ पैशाचा प्रश्न आला असता. २००९ मध्ये ओ'बॅननने अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राची सर्वाधिकारी संस्था जी 'एनसीएए', तिच्यावर खटला भरला. खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला मिळू न देणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा निकाल न्यायमूर्ती क्लॉडिया विल्केन यांनी २०१४ मध्ये दिला.

या प्रकरणातील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. असल्या खेळांत प्रत्येक खेळाडूची गुणवत्ता आकड्यांत भरलेली असते. नेमबाजीला इतके, चपळाईला इतके. माणूस नको, त्याचा आकडा पुरे. मुलांची करमणूक म्हणून ही गोष्ट सोडूनही देता आली असती. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाच व्यवहार 'प्रगत संख्याशास्त्र' या प्रतिष्ठित नावाने अमेरिकेच्या विद्यापीठांत स्थिरावला आहे, आणि त्यामुळे महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूला प्रथमच खरा न्याय मिळू लागला, असे त्याचे गोडवे गाणारे सांगत असतात. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे.

प्रथम सत्यांश. बास्केटबॉलमध्ये खेळाडूची थोरवी पूर्वी एकाच मापाने ठरे: सामन्यागणिक त्याने किती गुण मिळविले. हे माप फसवे आहे. एक खेळाडू बावीस वेळा चेंडू टोपलीकडे फेकून वीस गुण मिळवितो. दुसरा दहाच फेकींत सोळा मिळवितो. जुन्या तक्त्यात पहिला श्रेष्ठ. वस्तुतः त्याने बारा संधी अधिक खर्चून चारच गुण अधिक आणले, आणि त्या संधी त्याच्या एकट्याच्या नव्हत्या, साऱ्या संघाच्या होत्या. शिवाय एखादा संघ धावपळीचा खेळ खेळतो, दुसरा सावकाश. त्यांच्या सरासऱ्यांची तुलना म्हणजे दोन भिन्न गजांनी कापड मोजणे. नव्या संख्याशास्त्राने चेंडूचा एक ताबा हे एकक धरले. महाविद्यालयीन सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला असे सुमारे सत्तर ताबे येतात. शंभर ताब्यांमागे गुण किती मिळविले व किती दिले, हा खरा प्रश्न. डीन ऑलिव्हर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात संघाचे यश चार गोष्टींत उलगडून दाखविले: नेमबाजीची परिणामकारकता, चेंडू न गमावणे, हुकलेला चेंडू पुन्हा हस्तगत करणे आणि फ्री थ्रो मिळविणे. केन पोमेरॉय यांनी प्रतिस्पर्ध्याचे बळ हिशेबात धरून देशातील साडेतीनशेहून अधिक संघांची क्रमवारी लावण्याची पद्धत रूढ केली.

जाता जाता नोंदवावयास हवे की ही विद्या मालकांच्या दिवाणखान्यात जन्मली नाही. खेळांच्या संख्याशास्त्राचे आद्य प्रवर्तक बिल जेम्स हे कॅन्सास राज्यात डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते, आणि पहाऱ्याच्या वेळेत बेसबॉलचे आकडे मांडीत बसत. पोमेरॉय हे व्यवसायाने हवामानतज्ज्ञ. साध्या नोकरदारांनी कुतूहलापोटी निर्माण केलेले ज्ञान कोणाच्या तिजोरीत जमा झाले, हे वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्यातील काही सहकाऱ्यांना मोजमापाचीच चीड आहे. माणसाचा आकडा करणे म्हणजेच त्याचे अवमूल्यन, असे ते मानतात. ही भूमिका भावनेला रुचणारी असली तरी चुकीची आहे. ज्या मुलाला प्रशिक्षकाच्या लहरीमुळे, आडगावच्या शाळेमुळे वा चारदोन इंच कमी उंचीमुळे बाकावर बसवून ठेवले, त्याची बाजू अनेकदा आकड्यांनीच मांडली आहे. आणि मोजमापाशी वैर धरणे कामगार चळवळीला परवडणारेही नाही. महागाई निर्देशांक नसेल तर महागाई भत्ता कशाच्या आधारे मागावयाचा? १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी याच निर्देशांकासाठी लढा दिला होता. निर्देशांक रद्द करा, ही त्यांची मागणी नव्हती. तो चुकीचा मोजला जातो, ही तक्रार होती. प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमणे सरकारला भाग पडले आणि निर्देशांकातील दोष उघड झाले. कामगारांनी तेव्हा विचारलेला प्रश्नच येथे विचारावयाचा आहे. मोजतो कोण, आणि मोजून झाल्यावर तो आकडा कोणत्या कामी येतो आणि कोणत्या कामी येऊ दिला जात नाही?

अमेरिकन महाविद्यालयांनी खेळाडूचा आकडा निवडीसाठी वापरला, डावपेचांसाठी वापरला, नको असलेल्याला काढून टाकण्यासाठी वापरला. एकाच कामी वापरला नाही, तो म्हणजे वेतन. आणि वेतनाच्या दृष्टीने पाहावयाचे तर तो आकडा अज्ञात मुळीच नव्हता. जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच व्यावसायिक बेसबॉलसाठी हे गणित करून दाखविले होते. खेळाडूच्या कामगिरीने संघाचे विजय किती वाढतात, विजयांनी उत्पन्न किती वाढते, आणि त्यातून खेळाडूच्या हाती काय पडते? करारान्वये एकाच संघाशी जखडलेल्या खेळाडूला आपण निर्माण केलेल्या उत्पन्नाचा अगदी लहान हिस्सा मिळतो, असा निष्कर्ष निघाला. या तफावतीला अर्थशास्त्रात 'शोषण' म्हणतात. हा शब्द येथे मार्क्सच्या ग्रंथातून आलेला नाही. पिगू व जोन रॉबिन्सन यांनी केंब्रिजच्या सनातन अर्थशास्त्राच्या चौकटीतच तो वापरला आहे. विकत घेणारा एकच असेल तर श्रमाची किंमत त्याच्या उत्पादकतेखाली दाबली जाते, हे रॉबिन्सनबाईंनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते. पुढे रॉबर्ट ब्राउन यांनी १९९३ मध्ये हीच रीत महाविद्यालयांना लावली. अव्वल दर्जाचा एक फुटबॉलपटू विद्यापीठाला वर्षाकाठी पाच लाख डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून देतो, असे त्यांना आढळले. बास्केटबॉलचा आकडा त्याहूनही मोठा निघाला. खेळाडूच्या हाती मात्र शिष्यवृत्ती, निवास आणि भोजन.

भोजनही पुरते नव्हे. २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरने वार्ताहरांना सांगितले की कित्येक रात्री आपण उपाशीपोटी झोपलो आहोत. देशभर गवगवा झाला, आणि काही दिवसांतच एनसीएएने भोजनावरील मर्यादा उठविली. ज्या स्पर्धेत तो खेळत होता तिच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० मध्ये चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले होते; २०१६ मध्ये पुढील आठ वर्षांसाठी आणखी ८८० कोटींचा करार झाला. या उत्पन्नाची वाटणी पाहिली तर आकडेमोडीतली ढोंगबाजी ध्यानी येते. संघ या स्पर्धेत जितके सामने खेळेल तितकी 'एकके' त्याच्या गटसंघटनेच्या खात्यावर जमा होतात. अंतिम सामना तेवढा वगळला जातो. एका एककापोटी सहा वर्षांत मिळून सुमारे वीस लाख डॉलर पदरात पडतात. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या पाच मुलांनी एका संध्याकाळी मिळविलेल्या विजयाची किंमत संस्थाचालकांना डॉलरपर्यंत ठाऊक होती. ती मुले हौशी आहेत, त्यांच्या कामाचे मोल करता येत नाही, हा धडा केवळ मुलांसाठी होता.

या हौशीपणाचा इतिहास एनसीएएच्या सूत्रधारानेच सांगितला आहे. १९५१ पासून १९८८ पर्यंत संस्थेचे कार्यकारी संचालक असलेल्या वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या आठवणींत कबूल केले की 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दप्रयोग मैदानावर जायबंदी होणाऱ्या मुलांना कामगार-भरपाई कायद्याखाली दावा करता येऊ नये म्हणून रूढ करण्यात आला. १९५५ मध्ये कोलोराडोतील एका महाविद्यालयाचा फुटबॉलपटू मैदानावरील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेचा भरपाईचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळला, कारण महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही! प्रशिक्षकांच्या बाबतीत हा हौशीपणा कोणाला आठवला नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, न्यायाधीश नसतो. तो राज्य विद्यापीठाचा फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. आणि पहिल्या श्रेणीच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, ही गोष्ट या वाटणीचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा मताने एनसीएएला दणका दिला. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ हे काही डाव्या विचारांचे गृहस्थ नव्हेत. पण त्यांनीही स्वतंत्र मतपत्रिकेत म्हटले की इतर कोणत्याही धंद्यात मालकांनी संगनमत करून कामगारांना न्याय्य वेतन नाकारले असते तर ते बेकायदा ठरले असते. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना नाव व प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये, पुन्हा न्यायमूर्ती विल्केन यांच्याच न्यायालयात, हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली: माजी व विद्यमान खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाने आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट द्यावयास हरकत नाही.

येथून पुढे प्रगत संख्याशास्त्राचा जयघोष अधिकच चढत्या स्वरात सुरू झाला. आता बाजार खुला झाला, प्रत्येकाचा आकडा समोर आहे, ज्याचे जितके मोल तितके त्याला मिळेल. मग संघटना हवी कशाला? हा युक्तिवाद नवा नाही. प्रत्येक उत्पादनघटकाला त्याच्या सीमांत उत्पादकतेइतका मोबदला मिळतो आणि म्हणून वाटणी न्याय्य असते, हे जे. बी. क्लार्क यांनी १८९९ मध्ये सांगितले होते. त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. पाच जणांनी मिळून केलेल्या कामात एकाचा वाटा वेगळा काढावयाचा कसा?

बास्केटबॉलचे संख्याशास्त्र नेमके या प्रश्नापाशी येऊन अडखळते. शेन बॅटियर हा खेळाडू २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या अजिंक्य संघात होता. पुढे व्यावसायिक खेळात त्याचे गुण सामान्य, रीबाउंड सामान्य. तक्ता पाहून त्याला कोणी महत्त्व दिले नसते. परंतु तो मैदानात असला की त्याचा संघ सरस ठरे आणि बाहेर बसला की घसरे. मायकेल लुईस या लेखकाने २००९ मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला. बॅटियर प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावडत्या जागेवरून चेंडू फेकावयास लावी, सहकाऱ्याच्या मदतीस वेळेवर धावे, स्वतःच्या आकड्यांची पर्वा करीत नसे. त्याचे कर्तृत्व इतरांच्या आकड्यांत उमटत होते. हे टिपण्यासाठी 'प्लस-मायनस' नावाचे माप वापरतात: खेळाडू मैदानात असताना संघाने किती गुण अधिक वा उणे केले. पण त्या वेळी मैदानात त्याचे चार सहकारी असतात, पाच प्रतिस्पर्धी असतात. त्यांचा प्रभाव वजा करण्यासाठी रिग्रेशन नावाची रीत योजतात. जे दोन खेळाडू नेहमी बरोबरीनेच उतरतात त्यांच्यातील श्रेय कोणाचे, हे कोणत्याही समीकरणाला सांगता येत नाही. शिवाय महाविद्यालयीन हंगाम तीस-पस्तीस सामन्यांचा. एवढ्या अल्प सामग्रीत यदृच्छेचा भाग मोठा असतो. म्हणून जाणते संख्याशास्त्रज्ञ प्रत्येकाचा आकडा मुद्दाम सरासरीकडे ओढून घेतात. ही त्यांची प्रामाणिक कबुली आहे. मात्र तोच आकडा संख्याशास्त्रज्ञाच्या टेबलावरून खरेदीदाराच्या टेबलावर गेला की ती कबुली वाटेत गळून पडते आणि दशांशस्थळे तेवढी उरतात.

संयुक्त उत्पादनातील व्यक्तीचा वाटा मोजता येत नाही, हे भांडवलशाहीच्या चतुर समर्थकांनाही मान्य आहे. आल्कियन व डेम्सेट्झ यांनी १९७२ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात त्यावरच व्यवसायसंस्थेचे सारे तत्त्वज्ञान उभारले: वाटा मोजता येत नाही म्हणून देखरेख करणारा हवा, आणि देखरेख करणाऱ्याने चोख काम करावे म्हणून उरलेला सारा नफा त्याचा. म्हणजे मोजता येत नाही तेव्हा नफा मालकाचा, कारण मोजता येत नाही. आणि मोजता येते असे म्हणावयाचे तेव्हा किंमत मालकाने ठरवावयाची, कारण त्याच्याजवळ आकडा आहे. दोन्ही तऱ्हांनी खेळाडूने गप्प बसावयाचे.

नव्या व्यवस्थेत हे चोख घडत आहे. हंगाम संपला की हजारो खेळाडूंची नावे स्थलांतराच्या यादीत येतात. महाविद्यालय सोडून दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य ही न्यायालयांतून झगडून मिळविलेली गोष्ट आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण त्या यादीत एकोणीस वर्षांचा मुलगा उतरतो तो आकड्यांची एक ओळ होऊन, एकटा. समोर विद्यापीठ बसते, त्याच्या पदरी विश्लेषकांचा ताफा असतो. वर्षाला २ कोटी ५ लाख ही मर्यादा कोणी ठरविली? कोणत्याही खेळाडू संघटनेशी वाटाघाट झालेली नाही, कारण तशी मान्यताप्राप्त संघटनाच नाही. विद्यापीठाबाहेरील कोणाशी खेळाडूने सहाशे डॉलरहून अधिकचा करार केला तर त्याची रक्कम 'वाजवी' आहे किंवा नाही हे ठरविण्याचे यंत्र डेलॉइट या हिशेबतपासनीस कंपनीने उभारले, आणि ते मालकांच्या बाजूने उभ्या केलेल्या आयोगाच्या दिमतीला आहे. प्रशिक्षकाचा पगार वाजवी आहे का, हे विचारणारे यंत्र कोणी बसविल्याचे ऐकिवात नाही.

महिलांच्या बाबतीत तर गणिताची लाजही उरली नाही. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला, पुरुषांचा सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. पुरुषांच्या संघांना दशकानुदशके मिळणारी ती एकके महिलांना २०२५ पासून मिळू लागली, आणि त्यांच्या स्पर्धेचे मोल वर्षाला सुमारे साडेसहा कोटी डॉलर धरलेले आहे. पुरुषांच्या स्पर्धेला शंभर कोटींहून अधिक. कोणत्या प्रगत सूत्राने हा भागाकार केला?

मग खेळाडूच्या पदरात माप पडते तरी कसे? याचे उत्तर त्याच खेळाच्या इतिहासात आहे. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन येथे व्यावसायिक बास्केटबॉलपटूंचा तारांकित सामना होता, दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, असे खेळाडूंनी ठरविले. ऑस्कर रॉबर्टसन, बिल रसेल, जेरी वेस्ट यांच्यासारखे त्या काळातील अव्वल खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत दार लावून बसले. प्रक्षेपणाची वेळ उलटून चालली तेव्हा लीगच्या आयुक्तांनी शब्द दिला. त्या खोलीत कोणाचा आकडा सरस, हा प्रश्न निघाला नाही. निघाला असता तर दार तेव्हाच उघडले असते. आज त्या लीगच्या खेळाडूंना सामुदायिक कराराने खेळाच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा मिळतो. ज्यांची तुल्य कामगिरी दशांशापर्यंत मोजलेली आहे त्या महाविद्यालयीन मुलांसाठी तडजोडीने धरलेले प्रमाण उत्पन्नाच्या ठरावीक बाबींच्या २२ टक्के इतके आहे.

या बाबतीत पहिले पाऊल टाकणारा संघ तक्त्यांत शोधून सापडला नसता. न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०२३-२४ मध्ये आपल्या गटात सर्वात तळाशी होता. त्या गटातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत. संघातील काही जण महाविद्यालयाच्या भोजनगृहात काम करीत आणि तेथील विद्यार्थी-कामगारांनी संघटित होऊन वेतनवाढ मिळविलेली त्यांनी पाहिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी हे खेळाडू कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. ५ मार्च रोजी मतदान झाले: तेरा मते संघटनेच्या बाजूने, दोन विरुद्ध. महाविद्यालयातील इतर कामगारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या युनियनच्या ५६० क्रमांकाच्या शाखेत सामील होण्याचे त्यांनी ठरविले. महाविद्यालयाने वाटाघाटीस नकार दिला. वर्षअखेरीस वॉशिंग्टनमध्ये सत्तापालट होऊ घातला. मंडळाची रचना बदलून प्रतिकूल निवाडा होणार आणि तो देशभरच्या खेळाडूंच्या वाटेत आडवा येणार, हे ओळखून युनियनने ३१ डिसेंबर २०२४ रोजी अर्ज मागे घेतला. त्यामुळे प्रादेशिक संचालकांचा निर्णय मंडळाच्या हातून खोडला गेला नाही. पुढचा संघ उभा राहील तेव्हा त्याला त्यातील कारणमीमांसा आधाराला घेता येईल.